रोजनाम्यात तुमचं नाव आहे का?

दिवसभर कोर्ट, संध्याकाळी सहानंतर सिनिअरच्या चेंबरमध्ये कॉन्फरन्स, पक्षकार गेले की ड्राफ्टिंग. वकिलीची पहिली दोन वर्षं हे सगळ्याच ज्युनिअर वकिलांच्या वाट्याला येतं. मुलींनो, एवढ्यानं घाबरू नका.

घाबरायचं ते "हिचं ड्राफ्टिंग फार छान" या शाबासकीला. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, तुम्ही लिहायची, कोर्टाच्या ऑफिसनं घेतलेले आक्षेप तुम्ही दूर करायचे आणि तारखेला उभा राहणार बरोबरचा मुलगा, कारण "तू दमली असशील." रात्री साडेनऊपर्यंत बसवताना हा थकवा कुणाला दिसत नाही! पाच वर्षांनी बघावं तर वकीलपत्रावर (पक्षकारानं वकील नेमल्याचा कागद) सही नाही, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) हजेरी नाही, स्वतःचा एक पक्षकार नाही.

त्याची किंमत बाळंतपणात कळते. २६ आठवड्यांची पगारी रजा नोकरदार बाईला. चेंबरमधली ज्युनिअर कायद्याच्या लेखी कुणाची नोकर नसते. स्वतःची वकीलपत्रं असतील तर मुदत अर्ज (पुढची तारीख मागणारा) देऊन, मैत्रिणीला उभी करून प्रकरणं टिकवता येतात. नसतील तर परत आल्यावर पुन्हा श्रीगणेशा. न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायची असली तरी तेच: २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे आणि तिचा दाखला लागतो.

म्हणून पहिल्याच महिन्यात वकीलपत्रावर सनद (वकिलीचा परवाना) क्रमांकासह सही करायला मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. संध्याकाळी कोर्टांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर रोजनामा पाहा. हजेरी दुसऱ्याच्या नावानं लागली असेल तर त्याच दिवशी बोला. आठवड्याला एक तरी अर्ज स्वतः चालवा, मुदतीचा का असेना.

निम्मी जागरणं कागद सिनिअरच्या टेबलावर पडून राहिल्यानं होतात. कैफियतीला समन्स बजावल्यापासून ३० दिवस, फार तर ९०. व्यापारी दाव्यात १२० नंतर दारच बंद. समन्स हाती आलं की डायरीत लिहा: दहाव्या दिवशी पक्षकाराची कागदपत्रं, विसाव्या दिवशी कच्चा मसुदा. जुन्या दाव्याची कॉपी मारून वेळ वाचत नाही. मागच्या प्रतिवादीचं नाव तसंच राहतं आणि आक्षेप दूर करायला पुन्हा तुम्हीच.

नावाजलेल्या सिनिअरचा हट्ट सोडा. दहा-बारा वर्षं वकिली झालेला, पण प्रकरण पुकारलं की तुम्हाला उभं करणारा माणूस बरा. स्टायपेंडचं पहिल्या भेटीतच विचारा. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये सुचवले आहेत. नुसते सुचवलेच आहेत, पण आकडा तोंडावर असलेला बरा.