डब्ल्यूएनबीएचा करार हातात आला की आकडा शेवटी वाचा

कॉलेजात मी बास्केटबॉलच्या संघात पॉइंट गार्ड होते. आता अमेरिकेत खेळाडूंचे हिशेब आणि कराची कागदपत्रं बघते. डब्ल्यूएनबीएची, म्हणजे इथल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, स्वप्नं बघणारी मुलगी आईवडिलांना घेऊन येते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पगार किती मिळेल?" मी त्यांना करार उलटा वाचायला लावते. आधी हमीचं कलम, मग तारखा, आणि आकडा सगळ्यात शेवटी.

कारण सांगते. 2024च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, 36 जणींची नावं पुकारली गेली. तेव्हा लीगमध्ये 12 संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त 12 खेळाडू. म्हणजे सगळ्या मिळून 144 जागा, त्यातल्या बहुतेक जुन्या खेळाडूंनी आधीच धरलेल्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत निवडल्या गेलेल्या कितीतरी मुली हंगामाआधीच्या ट्रेनिंग कॅम्पमधूनच परत जातात. करारावर वर्षाचा पगार छापलेला असतो, पण तो लागू होतो हंगाम सुरू होताना संघात नाव टिकलं तरच. म्हणून कागदावर 'प्रोटेक्टेड' हा शब्द शोधा. तो असला तर संघाने काढलं तरी पैसे मिळतात. नसला, तर पुढचे काही महिने नोकरी रोज नव्याने मिळवायची आहे, हे घरच्यांनाही स्पष्ट सांगा आणि वर्षभराचं घरभाडं डोक्यावर घेऊ नका.

आता आकडे. हे 2020च्या सामूहिक करारातले आहेत. लीग आणि खेळाडू संघटना नवा करार करतात तेव्हा सगळा तक्ता बदलतो, त्यामुळे सही करण्याआधी चालू तक्ता संघटनेकडून मागून घ्या. 2025च्या हंगामात किमान पगार होता 66,079 डॉलर आणि सर्वोच्च 249,244 डॉलर. 2024ची पहिली निवड केटलिन क्लार्क. तिचा पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर. त्याच ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतल्या मुलीचा, संघात टिकलीच तर, 64,154. पहिल्या आणि शेवटच्या निवडीत फरक फार तर साडेबारा हजारांचा! नवख्या खेळाडूचा पगार ठरलेल्या पट्टीवर चालतो, त्यात घासाघीस करायला फारशी जागा नसते. एजंटचं कसब तिथे जोखू नका. ते दिसतं पुढच्या कामात.

हंगाम मेपासून साधारण ऑक्टोबरपर्यंत चालतो. उरलेल्या महिन्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे, आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते. वर्षानुवर्षं उत्तर होतं परदेश: तुर्कस्तान, चीन, रशिया, ऑस्ट्रेलिया. 2015 साली डायना टॉरासीने डब्ल्यूएनबीएचा अख्खा हंगाम सोडला, कारण येकातेरिनबर्गच्या तिच्या रशियन क्लबने तिला विश्रांती घेण्याचेच पैसे दिले. त्या क्लबचा पगार सुमारे 15 लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. इथला सव्वा लाखसुद्धा नव्हता. पण या पैशाला किंमत मोजावी लागते. एप्रिल 2019मध्ये ब्रियाना स्टुअर्टचा घोट्यामागचा अकिलीस स्नायुबंध युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तुटला आणि आदल्या वर्षी डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू ठरलेली ती पुढचा सगळा हंगाम बाहेर बसली. डब्ल्यूएनबीएचीच ब्रिटनी ग्रायनर 2022च्या फेब्रुवारीत रशियात पकडली गेली, ती डिसेंबरात सुटली. त्यानंतर अमेरिकन खेळाडूंचा तिकडचा ओघ आटला.

परदेशी क्लबचा करार हाती आला तर चार गोष्टी तपासा. पगार कर वजा करून हातात पडणारा आहे का? घर, गाडी आणि विमानाची तिकिटं लेखी आहेत का? दुखापत झाली तर पगार चालू राहतो का? आणि वाद झाला तर तो फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल या लवादाकडे जाईल, असं कलम आहे का? हे चौथं कलम माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं. पगार थकवणारे क्लब आहेत, माझ्या ओळखीच्या मुलींनी ते सोसलंय. परक्या देशातल्या कोर्टात परक्या भाषेत कोण लढणार? या लवादाचं कामकाज इंग्रजीत चालतं, आणि क्लबने त्याचा निवाडा पाळला नाही तर फिबा त्या क्लबला नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते. पण हे कलम करारात नसेल तर लवादाचं दार उघडत नाही. शेवटच्या पानावर असतं, तिथपर्यंत वाचा.

तारखाही जुळवून बघा. 2024पासून, दोन वर्षांहून जास्त अनुभव असलेली खेळाडू परदेशातून वेळेत परतली नाही तर तिला तो अख्खा हंगाम खेळता येणार नाही, असा नियम आला. तिकडची बाद फेरी एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबू शकते, हे सही करताना लक्षात असू द्या.

घराजवळचा पर्याय आता आहे. नफीसा कॉलियर आणि स्टुअर्ट यांनी काढलेली अनरायव्हल्ड ही तीन-तीन खेळाडूंची लीग जानेवारी 2025मध्ये मायामीत सुरू झाली. सरासरी पगार 2 लाख 20 हजार डॉलरच्या वर, शिवाय पहिल्या खेळाडूंना मालकीत वाटा. खेळाडूंनी स्वतः उभी केलेली ही गोष्ट मला मनापासून भावते. मात्र पहिल्या वर्षी जागा 36च होत्या, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवून योजना आखू नका.

जाहिरातींचं थोडक्यात: क्लार्कचा नाइकीशी आठ वर्षांचा, सुमारे 2 कोटी 80 लाख डॉलरचा करार झाल्याचं छापून आलं. तो अपवाद आहे. जुलै 2021पासून कॉलेजच्या खेळाडूंनाही स्वतःच्या नावावर कमाई करता येते, म्हणून काहींच्या बाबतीत हा पैसा पगाराच्या आधीच सुरू होतो. त्या करारांची मुदत आणि 'फक्त आमचेच बूट' अशी कलमं प्रो होण्याआधी तपासून घ्या.

बाळाचा विचार असेल तर हे आवर्जून वाचा. 2020च्या कराराने बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार दिला आणि मूल असलेल्या खेळाडूला दोन बेडरूमचं घर. याआधीच्या आयांना हे मिळालं नव्हतं.

राहता राहिला कर. खेळाडू ज्या राज्यात काम करते, त्यातली बरीच राज्यं आपापला हिस्सा मागतात; कामाच्या दिवसांवरून तो काढला जातो. डॅलस, लास वेगास, सिएटल इथे पगारावर राज्याचा आयकर नाही, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये आहे. एकाच पगारात हातात येणारी रक्कम त्यामुळे बदलते. परदेशात कमावलेलं अमेरिकन नागरिकाला इथेही दाखवावं लागतं, तिथे भरलेल्या कराच्या पावत्या त्यासाठी लागतात. जानेवारीपासूनच एक साधी वही ठेवा: तारीख, शहर, सामना की सराव की प्रवास. एप्रिलमध्ये कराचे कागद भरायला माझ्यासारख्या कोणाकडेही गेलात तरी पहिल्यांदा तीच मागितली जाईल.