रेल्वे-प्लॅटफॉर्मची गणितं कशी सोडवायची
अंतर = वेग × वेळ हे सगळ्यांना पाठ असतं, मार्क जातात ते युनिटमध्ये. वेग ताशी किमीत आणि लांबी मीटरमध्ये दिली असेल तर आधी वेगाला ५/१८ ने गुणा, मग पुढचं. समजा १५० मीटरची गाडी ताशी ५४ किमीने चाललीय, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. खांब ओलांडायला फक्त स्वतःची लांबी, १० सेकंद, पण ३०० मीटरचा प्लॅटफॉर्म असेल तर शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत मोजायचं ना, म्हणून ४५० भागिले १५, ३० सेकंद. इथे चित्र काढाच, खरंच. आणि जाताना वेग ताशी ४० किमी, येताना ६० असेल तर सरासरी ५० लिहू नका हां, एका बाजूचं अंतर १२० किमी धरून बघा, ३ आणि २ तास, २४० भागिले ५, ४८ येतं.