घरात समोर बसून गाणं ऐकल्यासारखं वाटायला अ‍ॅम्प किती वॅटचा लागतो, ते कसं काढायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोडला अ‍ॅम्प (स्पीकरला पॉवर देणारा अ‍ॅम्प्लिफायर) बघायला गेलं की दुकानदार पहिलं हेच विचारतो, किती वॅटचा पाहिजे? आणि आपण अंदाजाने शंभर म्हणून मोकळे होतो. खरं तर हा आकडा घरी बसून कागदावर काढता येतो, फार गणित लागत नाही.

आधी पॉवर लागते कधी ते बघू. तबल्यावर चाटेवरचा 'ना' वाजतो ना, त्याचा पहिला क्षण बाकी गाण्याच्या सरासरी आवाजापेक्षा १५-२० डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वर जाऊ शकतो. १० डीबी म्हणजे दहापट पॉवर, २० म्हणजे शंभरपट! म्हणजे विलंबित ख्याल १ वॅटवर निवांत चाललेला असतो आणि त्या एका क्षणाला अ‍ॅम्पकडे १०० वॅट मागितले जातात, तेवढे नसले तर तो ठोक्याचं टोक कापून टाकतो, 'ना' बोथट होतो आणि आपण म्हणतो रेकॉर्डिंगच बरोबर नाही. जिवंतपणा जातो तो इथे.

आता पहिलं काम, आवाज किती हवा ते ठरवा. गायक, तबला, पेटी आपल्यापुढे बसलेत एवढं वाटायला खुर्चीपाशी सरासरी ८० डीबी आणि टोकाला १०२ डीबी मी धरतो, फ्लॅटमध्ये त्याच्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपने साधारण अंदाज येतो, पण त्यात दिसतो तो सरासरी आकडा, क्षणभराचं टोक त्यात येतच नाही. खरा, माइकशिवायचा आवाज कानात बसवायचा असेल तर घरगुती बैठकीला जाऊन पुढे बसा, त्याला पर्याय नाही.

मग स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी शोधा. ८७ डीबी लिहिलं असेल तर १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ८७ डीबी. मात्र तिथे १ वॅटऐवजी २.८३ व्होल्ट लिहिलं असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल तर ते १ नाही, २ वॅट झाले, म्हणून त्यातून ३ वजा करा. हे बरेच जण विसरतात.

आता अंतर. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा स्पीकरपासून साधारण ३ मीटरवर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराला साडेनऊ डीबी कमी होतात, पण खोलीत भिंती आवाज परत देतात म्हणून ६ धरा, आणि स्पीकर दोन आहेत म्हणून ३ मिळवा. ८७ वजा ६ अधिक ३, म्हणजे ८४. हवेत १०२, कमी पडतात १८ डीबी, म्हणजे १ वॅटच्या ६३ पट. झालं, दर चॅनलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरला, ६३ वॅट. स्पीकर ९३ डीबीचा असेल तर हेच काम १६ वॅटमध्ये होतं, आणि उलट तुम्हाला १०५ डीबी हवे असतील तर ८७ वाल्याला १२६ लागतील. फक्त ३ डीबीसाठी डबल! म्हणून माझं म्हणणं, पैसे मोजके असतील तर ते आधी चांगल्या सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरवर घाला.

अ‍ॅम्प बघताना पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या पॉवरचा जाहिरातीसाठी फुगवलेला, आकडा बघूच नका. आरएमएस किंवा कंटिन्युअस (सतत देता येणारी) पॉवर, ८ ओहमवर, दोन्ही चॅनल एकदम चालू असताना किती, एवढंच विचारा. ५० आणि ६० वॅटमध्ये कानाला काही फरक कळत नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

घरी आधीच अ‍ॅम्प असेल तर नवीन घेण्याआधी साध्या मल्टीमीटरने तपासा. आवडीचं रेकॉर्डिंग लावून तुम्ही जास्तीत जास्त जेवढ्या आवाजात ऐकता तिथे व्हॉल्यूम ठेवा आणि गाणं थांबवा. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा (व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर हे करू नका, लोडशिवाय तो बिघडू शकतो), नॉबला हात न लावता परत चालू करा आणि उणे १२ डीबीचा (म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीच्या १२ डीबी खालचा), १२० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवून एसी व्होल्ट मोजा. आलेल्या आकड्याला ४ ने गुणा, त्याचा वर्ग करा, स्पीकरच्या ओहमने भागा. ४ व्होल्ट आले तर १६, वर्ग २५६, भागिले ८ म्हणजे ३२ वॅट. म्हणजे टोकाच्या क्षणालाही तुमची गरज ३२ वॅटच्या वर जात नाही, आणि अ‍ॅम्प ५० चा असेल तर नवीन घ्यायची काही गरज नाही. तरीही आवाज जिवंत वाटत नसेल तर अडचण दुसरीकडे आहे, बहुतेक खोलीत, तेव्हा आधी जाड पडदे आणि गालिचा लावून बघा.

आणि रात्री १० नंतर रहिवासी भागात नियमाने मर्यादा ४५ डीबीची आहे, त्यामुळे हे सगळं संध्याकाळीच, खिडक्या लावून.