जुनी शाईपेनं दुरुस्त करताना या चुका टाळा

जुन्या बाजारातून आणलेल्या शाईपेनाचं दुखणं बहुतेक वेळा किरकोळ असतं: वाळलेली शाई, कडक झालेलं रबर, वरखाली झालेली निब. खरी वाट लागते ती घरी आणल्यावर, पहिल्या तासाभरात.

अख्खं पेन गरम पाण्यात बुडवणं

सर्वांत जास्त बळी या चुकीचे. ड्रॉपरने शाई भरायची आपल्याकडची जाड काळी पेनं बहुधा एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची असतात. वर्षानुवर्षांच्या उजेडाने आणि हवेने त्यांचा वरचा थर आतून खराब झालेला असतो, फक्त तो दिसत नाही. गरम पाणी लागलं की दिसतो.

नमुन्यादाखल एका पेनाची कथा. नळीवर लाटांची बारीक नक्षी, मधोमध कोरलेलं नाव, शाई मात्र वाळून दगड झालेली. मालकाने ते रात्री कढत पाण्यात टाकलं. सकाळी पाणी पिवळट, गंधकाचा वास, आणि काळं पेन शेवाळी-तपकिरी. घाबरून पॉलिश पेपर फिरवला. काळा रंग परत आला, पण नाव गेलं आणि नक्षीही. रंग तेवढा उडाला असता तर पेन जुनं तरी दिसलं असतं. तपकिरी झालेलं एबोनाइट तसंच ठेवावं, हे माझं ठाम मत.

पेन कशाचं आहे ते आधी ओळखा. अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या: रबर-गंधकाचा आला तर एबोनाइट, कापराचा आला तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. एबोनाइटच्या नळीत ड्रॉपरने थंड पाणी भरायचं, हलवायचं, ओतायचं, आणि बाहेरून लगेच पुसायचं. निबेचा भाग ओल्या सुती चिंधीवर टोक खाली करून उभा ठेवायचा. चिंधी शाई ओढून घेते. दिवसातून दोनदा चिंधी बदलायची. दोन-तीन दिवस लागतात. तेवढा धीर नसेल तर नवं पेन विकत घ्यावं.

निब आणि जीभ (निबेखालचा, तिला शाई पुरवणारा तुकडा) काढायला पक्कड नको. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोन्ही एकत्र धरा आणि सरळ ओढा. पिळलं तर जिभेवरचे कंगव्यासारखे बारीक दाते तुटतात.

खरखरते म्हणून निब घासणं

दहातल्या आठ निबा खरखरीत नसतातच. त्यांच्या दोन पात्यांपैकी एक वर, एक खाली असते. दहापट भिंगातून टोक समोरून पाहा, खालचं पातं नखाने हळूच वर दाबा, लिहून बघा. लोक मात्र भिंग घेण्याआधी पॉलिश पेपर घेतात. टोकावरचा कठीण धातूचा दाणा खसखशीपेक्षा लहान असतो. तो एकदा झिजला की निब संपली. स्वस्त स्टीलच्या काही निबांना तर दाणाही नसतो, टोकच वाकवलेलं असतं.

शाई उतरत नाही म्हणून फटीत दाढीचं ब्लेड घालायची शाळकरी युक्ती कृपया विसरा. ब्लेड साधारण ०.१ मिमी जाड, वर धारदार. फट कायमची फाकते आणि आत ओरखडे पडतात. ०.०५ मिमीचा पितळी पत्रा दोनदा सरकवला की वाळलेली शाई निघते, तेवढं पुरतं.

कडक रबरावर खटका उचलणं

नळीच्या बाजूला खटका असलेल्या पेनात रबरी पिशवी असते. ती वाळून कडक झालेली असताना जोर केला की खटका तरी तुटतो, नाहीतर पिशवी दाबणारी आतली पट्टी वाकते. आधी निबेचा गळा, म्हणजे निब ज्यात बसते तो भाग, नळीपासून सोडवा: हेअर ड्रायरची ऊब दहा-दहा सेकंद, मध्ये हाताने तपासत. मेणबत्ती किंवा लायटर अजिबात नको, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

नव्या पिशवीचा नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग. १६ नंबर म्हणजे पाव इंच व्यास. नळीच्या आतल्या लांबीपेक्षा पिशवी ३ मिमी आखूड कापा, वरून टाल्कम भुरभुरा. चिकटवायला स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, सुतार पॉलिशला वापरतात तोच, आणि एक दिवस वाळू द्या. फेविक्विक लावणाऱ्याने पुढच्या दुरुस्तीचा विचारच केलेला नसतो: चपडा उबेने सुटतो, फेविक्विक सोडवताना गळा फुटतो.

पार्कर ५१ च्या १९४८ नंतरच्या दाबून शाई भरायच्या पेनांतली पारदर्शक पिशवी मात्र उगाच बदलू नका. ती रबराची नसते, धुतली की बहुधा चालते.

बाकीच्या थोडक्यात. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीनने रबरी वायसर फुगतो. शाई पाव नळी उरली की भरून टाका, कारण हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब पडतो. सेल्युलॉइडला स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, विरघळतं. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई कुठल्याच पेनात नको. आणि दुरुस्त झालेल्या पेनात आधी साधं पाणी भरून एक रात्र कागदावर आडवं ठेवा. शर्टाच्या खिशात नाही.