जुन्या वादकाची पेटी आणि वह्या जपताना

कूलरच्या खोलीत पेटी (हार्मोनियम) ठेवू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंशांची कोरडी हवा, आत कूलरचा ओलावा. या ओढाताणीत लाकूड तडकतं, पट्ट्या अडकतात, भात्याचे सांधे सुटतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील अशी आतली खोली निवडा. आर्द्रता मोजायला साधं हायग्रोमीटर पुरतं. पितळी सुरांना (हवेने थरथरून आवाज देणाऱ्या पात्यांना) तेल लावू नका, धूळ चिकटते. मऊ ब्रशने झटका. सूर घासून नव्याने जुळवणं तर नकोच: वादकाची मूळ जुळवणी जाते, आणि खरा दस्तऐवज तीच.

नोटेशनच्या वह्यांतल्या टाचण्या पावसाळ्याआधी काढा, गंज कागद खातो. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको. क्रमांक पेन्सिलनेच घाला. सुट्या चिठ्ठ्या ज्या पानात सापडल्या तिथेच राहू द्या.