थंडीतल्या वाळवंटात चालायला निघताय? या चुका टाळा

दरवर्षी नोव्हेंबर लागला की तेच सुरू होतं. नागपुरात सकाळी जरा गारवा आला, कोणीतरी जैसलमेरचे फोटो टाकले, की पोट्टे मागे लागतात, भाऊ आपण पण थारमध्ये चालायला जाऊ. आणि त्यातले अर्धे जण असं धरूनच चालतात की आपण मे महिन्यात ४६ डिग्रीत बर्डीच्या बाजारात फिरणारे लोक, आपल्याला थंडीतलं वाळवंट काय करणार आहे. हाच विचार सगळ्यात जास्त नडतो. उन्हाची सवय वेगळी आणि पाठीवर सॅक घेऊन सात-आठ तास रेतीत चालणं वेगळं. त्यात थंडीतलं वाळवंट दिवसभर इतकं चांगलं वागतं की माणूस सगळी काळजी सोडून देतो आणि सगळा हिशोब संध्याकाळी पाचनंतर द्यावा लागतो.

सगळ्यात पहिले कपडे, कारण यावर मी बोलून बोलून थकलो. सकाळी सात वाजता दहा-बारा डिग्री असतं, सगळे कुडकुडत असतात, म्हणून कॉटनचा टी-शर्ट, त्यावर हुडी, त्यावर जॅकेट असं सगळं घालून निघतात. रेतीत चालायला लागलं की पंधरा मिनिटांत घाम फुटतो, पण लोकं थांबत नाहीत, पुढच्या ब्रेकला काढू म्हणतात, आणि तोपर्यंत आतला टी-शर्ट चिंब. दुपारी २५-२७ डिग्रीत ते कळत नाही. पण तिथली हवा कोरडी, आभाळ मोकळं, रेती लवकर तापते तशीच लवकर थंड होते, त्यामुळे सूर्य कलला की पारा झरझर खाली येतो आणि तोच ओला कॉटन अंगाला बर्फासारखा चिकटतो. माझी सवय साधी आहे. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नसेल वाजत तर एक कपडा जास्त झाला. आत कॉटन नाही, खेळायचा लवकर वाळणारा टी-शर्ट. आणि एक कोरडा टी-शर्ट, एक कोरडी सॉक्सची जोडी पॉलिथिनमध्ये बांधून सॅकच्या तळाशी, ती मुक्कामाला पोचेपर्यंत काढायचीच नाही. जॅकेट थांबल्याबरोबर घालायचं, हुडहुडी भरायची वाट पाहायची नाही.

दुसरी चूक शॉर्टकट. याचा मला खरंच राग येतो.

मागे जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या बाजूला आमचा एक ग्रुप चालत होता, नोव्हेंबर संपत आला होता. दुपारी साडेतीनला मुक्काम पायवाटेने साडेपाच किलोमीटर राहिला होता आणि मोबाईलवर सरळ रेषेत तीन. ग्रुपमधला एक पोरगा, रोज पळणारा, एकदम फिट, म्हणाला आम्ही सरळ जातो, तुमच्या आधी पोचून चहा मांडतो. मी नाही म्हटलं, उंटवाल्या काकांनीही मान हलवली, तरी तो आणि अजून दोघं पुढच्या वळणावर हळूच सटकले. त्या सरळ रेषेत रेतीच्या टेकड्यांच्या तीन ओळी आडव्या होत्या. टेकडीची वाऱ्याकडची बाजू कमी उताराची आणि दबलेली असते, तिच्यावरून बरं चालता येतं, पण दुसरी बाजू, जिथे रेती येऊन सांडते, ती तीस-चौतीस अंशांची आणि एकदम भुसभुशीत, दोन पावलं वर जा, दीड पाऊल खाली ये. हे लोक नेमके त्याच बाजूने चढत होते. पाण्याच्या मोठ्या बाटल्या उंटगाडीवर ठेवलेल्या, जवळ एकेक छोटी बाटली. पावणेसहाला सूर्य बुडाला आणि सव्वासहाला काळोख. मोबाईल दिवसभर नेटवर्क शोधून शोधून बंद पडलेला, मग दूरवर पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसले त्या दिशेने चालत राहिले, आणि ते दिवे सगळे सारखेच, एकावर नजर ठेवली की दुसऱ्याकडे भरकटायचं. आम्ही पोचून तासभर वाट पाहिली, मग काका टॉर्च घेऊन निघाले. खाली वाकून, टॉर्च अगदी जमिनीला टेकवून आडवा प्रकाश पाडायचे, म्हणजे बुटाच्या ठशाची कडा सावलीत उठून दिसायची, आणि त्या ठशांवरून त्यांनी तिघांना साडेआठला शोधून आणलं. त्या फिट पोराची बोटं इतकी गारठली होती की त्याला स्वतःच्या सॅकची चेन उघडता येईना. आम्ही त्याचे ओले कपडे काढले, कोरडे घातले, ब्लँकेटमध्ये गुंडाळून गूळ घातलेलं गरम पाणी घोट घोट पाजलं, तेव्हा अर्ध्या तासाने तो नीट बोलायला लागला. आणि रात्र काही फार थंड नव्हती, अंग ओलं होतं आणि अंगातली ताकद संपली होती, बस.

म्हणून रेतीत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नाही, तासात मोजायचं. रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस मोकळ्या रेतीत तासाला अडीच चालला तरी खूप झालं. दोन टेकड्यांच्या मधल्या सपाटीने जा, लांब पडलं तरी, आणि वर चढायचंच असेल तर वाऱ्याकडच्या बाजूने. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, जीपीएस तरीही चालतं. टॉर्च प्रत्येकाची वेगळी, 'दोघांत एक' हा प्रकार नको.

वेळेचं अजून एक. नागपूर ७९ रेखांशावर, जैसलमेर ७१ च्या आसपास, एका अंशाला ४ मिनिटं म्हणजे घड्याळ तेच असलं तरी सूर्य तिथे अर्धा तास मागे. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे साडेसहाला उजाडतं, तिथे सात वाजून जातात. लोकांना वाटतं मग संध्याकाळी तेवढा उजेड जास्त मिळेल. नाही मिळत, कारण ते आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे आणि थंडीतला दिवसच तिथे लहान. मी साडेचारला चालणं बंद करायचं ठरवून दिवस आखतो.

पाणी. थंडीत तहान लागत नाही आणि घाम अंगावरच सुकून जातो म्हणून दिसत नाही. चार लिटर तरी जवळ पाहिजे, स्वतःच्या पाठीवर, गाडीवर नाही. त्यात एक-दोन ओआरएसची पाकिटं. मुली आडोसा नाही म्हणून मुद्दाम कमी पितात, हे मी नेहमी बघतो आणि याबद्दल कोणी बोलत नाही. सॅकमध्ये एक मोठी छत्री ठेवा, ती उघडली की आडोसा झाला, ग्रुपने तेवढं पुढे चालत राहायचं. वाटेत टांका, म्हणजे जमिनीतली पाण्याची टाकी, दिसला तर विचारल्याशिवाय हात लावू नका, ते एखाद्या ढाणीचं, म्हणजे छोट्या वस्तीचं, वर्षभराचं जपलेलं पावसाचं पाणी असतं.

नवे बूट घालून येऊ नका. जाळीचे तर नकोच, सगळी रेती आत. पायाला कुठे गरम लागलं की तिथल्या तिथे थांबून टेप लावा, फोड आल्यावर टेप लावून काही उपयोग होत नाही.

भुरट नावाचं गवत असतं, त्याचे बारीक काटेरी गोळे सॉक्सला शेकड्याने चिकटतात. हाताने काढू नका, टोकं बोटात मोडतात. जुना कंगवा ठेवा.

बूट सकाळी झटकून घाला, विंचू. आणि आपला उन्हाळ्यातला दुपट्टा आणा, थंडी असली तरी रेतीवरून उलटून येणारं ऊन ओठ फाडतं.

शेकोटीसाठी खेजडीची फांदी तोडणारे पण भेटतात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी याच झाडासाठी जीव दिला, आणि आपण तिथे जाऊन दोन तासांच्या शेकोटीसाठी ते तोडायचं? लाकूड गावातून विकत घ्या, गावाला चार पैसे मिळतात.

खायला नुसता चिवडा आणि शंकरपाळे आणले की घशाला कोरड पडते. या दिवसांत आपली आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, माणशी चार आणा, वजन होतं पण दुपारी तीन वाजता त्याच्यासारखं काही नाही. सालं परत आणायची, त्या कोरड्या हवेत ती कुजत नाहीत, नुसती वाळून पडून राहतात.

आणि घाईवाल्यांसाठी. 'सरावाची काय गरज' विचारणाऱ्यांना मी एकच सांगतो, रविवारी सकाळी कन्हानच्या पात्रात जा, आठ किलोची सॅक घ्या आणि रेतीतून चार तास चाला, त्याच बुटात, त्याच कपड्यात. असे दोन-तीन रविवार करा. पोटऱ्या कुठे भरून येतात, बूट कुठे चावतो, पाणी किती लागतं, सगळं तिथेच कळतं, घरापासून तासाभराच्या आत. ज्याला त्याचाही कंटाळा येतो त्याचं नाव मी यादीत घेत नाही, मग तो कितीही जुना मित्र असो.