मृत्युपत्राला जोडून पत्र लिहा, पण उपदेश नको

मृत्युपत्र उरकणं सोपं आहे. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. सही दोन साक्षीदारांसमोर करा, त्यांच्या सह्या तुमच्यासमोर घ्या, आणि वाटेकऱ्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. आपण कर्नाटकातल्या बेळगावकडचे मराठी, म्हणून सर्व्हे नंबर आणि नावं जमिनीच्या कन्नड उताऱ्यावर आहेत तशीच उतरवा. वडिलोपार्जित जमिनीतला फक्त स्वतःचा हिस्सा लिहिता येतो; लेकीचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलाइतकाच आहे.

"मूल्यंही मृत्युपत्रातच घाला" असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. पूर्ण मालकी देऊन "शेत कधी विकू नये" म्हटलं तर ती अट कोर्टात टिकत नाही. त्यासाठी वेगळं पत्र लिहायचं, आणि घोडं अडतं ते इथंच.

माझं पहिलं पत्र तीन पानी होतं. एकोप्यानं राहा, प्रामाणिक राहा. नातू म्हणाला, "आबा, हा तर शाळेतला सुविचाराचा फळा झाला की!" दुसऱ्यात कुणी किती पैसे बुडवले ते लिहिलं, बायकोनं फाडलं, बरं केलं. तिसऱ्यात एकच गोष्ट लिहिली. 1972 चा दुष्काळ, अथणीकडचं आमचं घर. आईनं अंधार पडल्यावर पदराखालून दोन पायल्या जोंधळा शेजारी पोचवला. दिवसा का नाही, विचारलं तर म्हणाली, "घेणाऱ्याला रस्ता ओलांडायचा असतोय." एवढंच लिहिलं, खाली तात्पर्य नाही. तुम्हीही लिहू नका. गोष्ट सुचत नसेल तर घरातलं जुनं भांडं हातात घ्या, सुचते.

पत्रात "ते घर तुला" असलं काही चुकूनही नको. मृत्युपत्राशी विसंगत एक ओळ भावंडांना बेळगावच्या कोर्टात वर्षानुवर्षं फिरवते.

आपली नातवंडं कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमात. छापील देवनागरी वाचतात, आपलं अक्षर लागत नाही. म्हणून पत्र मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करा. (ते रेकॉर्डिंग म्हणजे मृत्युपत्र नव्हे.) कागद कुठं आहेत ते दोघांना सांगून ठेवा.

आणि पत्र जिवंतपणीच ऐकवा. आमच्या नातवानं ऐकून पहिलं विचारलं, "ती पायली कुठाय?" माळ्यावरून काढली. बुडाला भोक पडलंय, आत उंदरानं पिलं घातली होती.